शिसेयुक्त जुना रंग : धोका आणि तो काढणाऱ्या कामगारांसाठी सुरक्षेचे नियम

वाराणसी येथील मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेकडे शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास तो दगडात बांधून घेतला. बांधकामाच्या भाराने घाटाचा काही भाग खचला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेल्या अवस्थेत उभे असून वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. दरवर्षी पावसाळ्यात गंगेचे पाणी पायऱ्यांवर चढते, गाळ साचतो आणि भिंती, दारे, लोखंडी कठडे व नौका यांचे रंग निघू लागतात. पाणी ओसरले की देवदिवाळीपूर्वी घाटांवर सफाई व रंगकाम सुरू होते. लाकडी नौका पायऱ्यांवर ओढून घेतल्या जातात, त्यांचा जुना रंग खरवडला जातो आणि त्यावर नवा रंग चढतो.

डोळ्यांना हे काम साधे दिसते. मात्र कित्येक वर्षे एकावर एक चढत गेलेल्या जुन्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते. थर पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला असेपर्यंत धोका मर्यादित असतो. तो कोरडा खरवडला, घासला किंवा जाळला की त्यातील शिसे धूळ व धुराच्या रूपाने कामगाराच्या फुप्फुसात, हातावरून पोटात आणि कपड्यांवरून त्याच्या घरात पोहोचते. नव्या रंगातील शिशाला भारतात २०१७ पासून कायद्याने मर्यादा आहे. जुना रंग कसा काढावा, याविषयी मात्र तो नियम मौन बाळगतो. त्यामुळे रंग काढणाऱ्या कामगाराचे संरक्षण प्रामुख्याने कामाच्या पद्धतीवर अवलंबून राहते.

रंगात शिसे का घातले जाई?

रंगात शिसे तीन कारणांसाठी वापरले जात असे. पहिले कारण रंगछटा. 'सफेदा' म्हणून ओळखला जाणारा पांढरा रंग हा शिशाचा कार्बोनेट होय. पिवळ्या व नारिंगी छटांसाठी शिशाचा क्रोमेट वापरला जाई, तर शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. दुसरे कारण म्हणजे ऑइलपेंट लवकर वाळावा, म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत होती. तिसरे कारण गंजापासून संरक्षणाचे. पूल, टाक्या, कठडे व जहाजे यांच्या लोखंडावर पहिले अस्तर शेंदरी रंगाच्या 'रेड लेड'चे दिले जाई.

येथे एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. बाजारात मिळणारा 'रेड ऑक्साइड' प्रायमर हा लोहाच्या ऑक्साइडपासून बनतो. त्याचा रंग गेरूसारखा तांबूस असतो. 'रेड लेड' हा वेगळा पदार्थ असून त्याची छटा नारिंगीकडे झुकणारी असते. चुना व गेरू यांच्या साध्या रंगलेपातही शिसे घातले जात नाही. जोखीम मुख्यतः जुन्या ऑइलपेंट, एनॅमल व लोखंडावरील अस्तरात असते. त्यातही पिवळ्या, नारिंगी व लाल छटांविषयी अधिक सावध राहावे लागते. केवळ छटेवरून शिसे आहे की नाही हे निश्चित ठरवता येत नाही. त्यासाठी चाचणीच करावी लागते.

किती धूळ घातक ठरते?

एका साध्या हिशेबाने याची कल्पना येऊ शकेल. एक चौरस मीटर पृष्ठभागावरील रंगाच्या वाळलेल्या थरांचे वजन २०० ग्रॅम असून त्यात अर्धा टक्का शिसे आहे, असे मानले तर त्या तुकड्यात एक ग्रॅम शिसे भरते. अमेरिकेत बांधकाम क्षेत्रासाठी १९९३ मध्ये ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम शिशाची आहे. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. याचा अर्थ, एवढे शिसे पूर्णपणे हवेत मिसळले तर ते २० हजार घनमीटर हवेला या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजेच पाचशेहून अधिक खोल्यांची हवा मर्यादेला भिडू शकते. प्रत्यक्षात सर्व शिसे हवेत जात नाही. बराचसा भाग तुकड्यांच्या रूपाने खाली पडतो. तथापि कोरडे घासकाम घातक का मानले जाते, हे या हिशेबावरून लक्षात येते.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत शिशाची धूळ व धूर यांसाठी प्रति घनमीटर ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम, अशी मर्यादा देण्यात आली होती. ती अमेरिकेच्या मर्यादेच्या तिप्पट होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १० मायक्रोग्रॅमवर आणली आहे. शिशाविषयीचे ज्ञान जसजसे वाढत गेले, तसतशी मर्यादा खाली येत गेल्याचे यावरून दिसते.

शरीरावर होणारे परिणाम

शिशाचा मानवी शरीराला काहीही उपयोग नाही. रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. श्वासावाटे किंवा तोंडावाटे आलेले शिसे रक्तातून मेंदू, मूत्रपिंड व यकृतात पोहोचते आणि पुढे दात व हाडांत साठते. हाडांतील शिसे अनेक वर्षे तेथेच राहते. गरोदरपणात ते पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत जाऊ शकते.

प्रौढ कामगारामध्ये पुढील लक्षणे दिसू शकतात :

• सततचा थकवा, डोकेदुखी, चिडचिड व झोप न लागणे
• पोटात कळा येणे, बद्धकोष्ठता, भूक मंदावणे
• रक्तक्षय, सांधे व स्नायू दुखणे
• रक्तदाब वाढणे व मूत्रपिंडाचे कार्य बिघडणे
• पुरुष व स्त्रिया दोघांच्याही प्रजननक्षमतेवर परिणाम
• दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात संपर्क आल्यास मनगट लुळे पडणे, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसणे

यांतील पहिली लक्षणे इतकी सामान्य आहेत की ती पित्त, ऊन किंवा श्रमाचा परिणाम समजून सोडून दिली जातात. कामगाराने डॉक्टरांना आपला व्यवसाय सांगितला नाही, तर शिशाची शंकाही येत नाही. म्हणून पोटात वारंवार कळ येणाऱ्या रंगाऱ्याने 'मी जुना रंग खरवडण्याचे काम करतो', हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मुलांना होणारी हानी याहून गंभीर असते. लहान मुले प्रौढांच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेतात. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर, आकलनशक्तीवर व वर्तनावर होणारे परिणाम कायमचे ठरू शकतात. युनिसेफ व 'प्युअर अर्थ' या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे २७ कोटी ५० लाख मुले भारतातील आहेत. रंग हा त्यामागील एकमेव स्रोत नाही. वापरलेल्या बॅटऱ्यांची असुरक्षित तोडफोड, भेसळयुक्त मसाले व काही भांडी हेही स्रोत आहेत. मात्र कामगाराच्या कपड्यांवरून घरी जाणारी धूळ थांबवणे त्याच्याच हातात असते.

शंभर वर्षांपूर्वीची ताकीद

हा धोका नव्याने उमगलेला नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे मुलांना होणाऱ्या शिसेबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्यांतील व कठड्यांवरील रंगात असल्याचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. क्वीन्सलँड राज्याने १९२२ मध्ये मुलांच्या हाताच्या टप्प्यातील बाह्य पृष्ठभागांवर असा रंग देण्यास कायद्याने निर्बंध घातला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्येच रंगकामातील सफेद्याविषयी स्वतंत्र करार संमत केला होता. इमारतींच्या अंतर्भागात सफेदा वापरण्यास मनाई करण्याबरोबरच कोरडे घासणे व खरवडणे यांतून उडणाऱ्या धुळीचा धोका टाळण्यासाठी उपाय योजावेत, असे त्यात नमूद होते. रंगाऱ्यांना हात-तोंड धुण्याची सोय असावी, कामाच्या वेळी त्यांनी वेगळे कपडे वापरावेत आणि अंगावरून उतरवलेले नेहमीचे कपडे रंगाने माखणार नाहीत अशी व्यवस्था असावी, याही तरतुदी त्यात होत्या. आजचे सुरक्षानियम याच मुद्द्यांचा विस्तार आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्र सरकारने घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाच्या प्रमाणाविषयीचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित केले. ते एक वर्षानंतर, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यानुसार दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असलेल्या अशा रंगांचे उत्पादन, व्यापार, आयात व निर्यात यांस मनाई आहे. शिशाचे प्रमाण या मर्यादेत असल्याचा उल्लेख डब्यावर असणे बंधनकारक आहे. त्यापूर्वी याविषयीची मानके ऐच्छिक होती.

या नियमांच्या दोन सीमा लक्षात घ्याव्या लागतात. ते घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत, औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. तसेच ते नव्या रंगाविषयी आहेत. भिंतीवर, दारावर किंवा नौकेवर आधीच असलेल्या रंगाविषयी त्यांत तरतूद नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये घरगुती रंगातील शिशावर बंदी आली. त्यापूर्वी बांधलेल्या घरांत रंगाचे थर विस्कटणारे दुरुस्तीकाम मोबदला घेऊन करणाऱ्या कंत्राटदाराला एप्रिल २०१० पासून प्रशिक्षण व प्रमाणपत्र आवश्यक ठरले. रंग काढणाऱ्यांसाठी अशी प्रमाणपत्राची व्यवस्था भारतात नाही.

कामगार कायद्यांत मात्र शिसेबाधेची दखल जुनी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या अधिसूचित आजारांच्या यादीत शिसेबाधेचा समावेश आहे. असा आजार आढळल्यास मालकाने व उपचार करणाऱ्या डॉक्टरने संबंधित अधिकाऱ्यांना कळवणे अपेक्षित आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत शिशामुळे होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून नुकसानभरपाईस पात्र ठरतात. परंतु सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. घाटावर नौका रंगवणारे दोघे-तिघे, किंवा वाड्याचे दरवाजे खरवडणारी चौघांची टोळी प्रत्यक्षात या चौकटीबाहेर राहते. त्यांच्यासाठी पुढील नियम स्वतः पाळणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

• रंगाच्या सर्व थरांचा, अगदी तळापर्यंतचा, तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. वरचा थर नवा व शिसेरहित असला तरी खालचे थर शिशाचे असू शकतात. क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातयंत्रानेही पृष्ठभाग न खरवडता तपासणी करता येते.
• अमेरिकेच्या नियमांत वजनाने अर्धा टक्का, म्हणजे दहा लाखांत ५,००० भाग शिसे असलेला जुना रंग 'शिसेयुक्त' मानला जातो. नव्या रंगासाठीची ९० ची मर्यादा व ही व्याख्या यांत गल्लत करू नये. अर्ध्या टक्क्याहून कमी शिसे असलेल्या रंगाची धूळही सुरक्षित नसते.
• तपासणी शक्य नसेल तर जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे.
• रंग काढणे खरोखर आवश्यक आहे का, याचा विचार करावा. थर घट्ट असेल तर तो झाकणे, वरून आच्छादन बसवणे किंवा संपूर्ण दार वा पट्टी बदलणे अधिक सुरक्षित ठरू शकते.
• मुले व गरोदर स्त्रियांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे. भांडी, अन्न, पाण्याचे माठ व वाळत घातलेले कपडे हलवावेत.
• जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरावे. इमारतीच्या बाहेरील कामासाठी ते भिंतीपासून किमान तीन मीटरपर्यंत असावे. जोराचा वारा असल्यास काम थांबवावे.

काम करताना

• पृष्ठभाग फवाऱ्याने सतत ओलसर ठेवून खरवडावा किंवा ओल्या पॉलिश पेपरने घासावा. विजेच्या जोडण्यांजवळ पाणी वापरू नये.
• ब्लो लॅम्प वा उघड्या ज्योतीने रंग जाळू नये. उष्ण हवेचे यंत्र वापरायचेच असेल तर अमेरिकेच्या नियमांनुसार त्याचे तापमान ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९० अंश सेल्सिअसच्या खालीच ठेवावे लागते. त्यावरील तापमानास शिशाचा धूर होतो.
• धूळ ओढून घेणारी व सूक्ष्म गाळणी असलेली जोडणी नसेल तर ग्राइंडर किंवा घासयंत्र वापरू नये. वाळूचा मारा करून रंग काढू नये.
• तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा शिशाची सूक्ष्म धूळ अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बदलता येण्याजोग्या उच्च क्षमतेच्या गाळण्यांचा अर्धमुखवटा वापरावा. दाढी असल्यास तो नीट बसत नाही.
• कामाचे कपडे, टोपी, हातमोजे व पादत्राणे वेगळी असावीत.
• कामाच्या जागी खाणे, चहा, विडी व पान वर्ज्य करावे. तंबाखू तळहातावर मळून तोंडात टाकणे हा शिसे पोटात जाण्याचा सर्वांत थेट मार्ग आहे. या एका सवयीमुळे मुखवटा वापरूनही बाधा होऊ शकते.
• रासायनिक द्रावाने रंग काढताना डोळ्यांना चष्मा व हातांना रसायनरोधक मोजे आवश्यक आहेत. कॉस्टिक सोड्याने त्वचा भाजते. मेथिलीन क्लोराइड असलेली द्रव्ये बंद खोलीत प्राणघातक ठरू शकतात.

काम संपल्यावर

• कोरडा झाडू मारू नये. मोठे तुकडे ओले करून उचलावेत, सूक्ष्म गाळणीच्या व्हॅक्यूम यंत्राने धूळ ओढावी व नंतर साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग पुसावेत. घरगुती व्हॅक्यूम यंत्र धूळ पुन्हा हवेत सोडते.
• प्लॅस्टिक आतल्या बाजूस दुमडून गुंडाळावे आणि कचरा जाड पिशवीत बंद करावा. शिसेयुक्त कचऱ्याची विल्हेवाट घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार लावण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करावी. तो जाळू नये, नदीत किंवा गटारात टाकू नये.
• हात, तोंड व मान साबणाने धुवावी. शक्य असल्यास तेथेच स्नान करावे. कामाचे कपडे पिशवीत बंद करून न्यावेत व घरातील इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत.
• मुलाला उचलून घेण्यापूर्वी कपडे बदलावेत.

दगड, पाणी व घाट

वाराणसीच्या घाटांवर या नियमांना आणखी दोन बाबींची जोड द्यावी लागते. पहिली बाब दगडाची. येथील बरेच बांधकाम चुनारच्या वालुकाश्मात आहे. सच्छिद्र दगडावर ऑइलपेंट वा एनॅमल दिल्यास आतील ओलावा बाहेर पडत नाही व दगड झिजतो. अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या काशी विश्वनाथ मंदिराच्या दगडावर देण्यात आलेला एनॅमल रंग या कारणामुळेच काढण्याची वेळ आली. असा रंग पोलादी ब्रश किंवा ग्राइंडरने काढल्यास दगडही खरवडला जातो आणि धूळही उडते. म्हणून वारसा वास्तूंवर रंग मऊ करणाऱ्या लेपाची सौम्य पद्धत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरणे उचित ठरते.

दुसरी बाब पाण्याची. घाटावर पाण्याच्या जोरदार झोताने रंग काढल्यास धूळ कमी उडते, पण शिसे थेट गंगेत जाते. पायऱ्यांवरच पडून राहिलेले तुकडे पुढच्या पुरात वाहून जातात किंवा गाळात मिसळतात. त्याच पायऱ्यांवर स्नान, पूजा, भोजन व मुलांचे खेळ चालतात. यासाठी नौका खरवडण्याचे काम पाण्यापासून दूर, वरच्या सपाट जागी व प्लॅस्टिक अंथरून करावे. खालचे तुकडे दिवस संपताच गोळा करावेत.

शेंदराचे थर

घाटांवरील कोनाड्यांत व देवळांत गणपती, हनुमान व भैरवाच्या शेंदूरचर्चित मूर्ती ठिकठिकाणी दिसतात. महाराष्ट्रातही ही परंपरा गावोगावी आहे. पारंपरिक शेंदराच्या वजनात सुमारे ९० टक्के शिसे असते. हळदीपासून बनणारे पारंपरिक कुंकू व शेंदूर हे भिन्न पदार्थ आहेत, याचा येथे विसर पडू नये. तेलात कालवून वर्षानुवर्षे चढवलेल्या शेंदराचे जाड कवच बनते आणि केव्हातरी ते सुटते किंवा काढावे लागते. तंत्रदृष्ट्या हे कामही शिसेयुक्त लेप काढण्याचेच आहे.

वाराणसीतील कालभैरवाच्या मूर्तीवरील असे कवच फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटले व ते विधिपूर्वक गंगेत विसर्जित करण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील वणी येथील सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर २०२२ मध्ये मंदिर सुमारे दीड महिना दर्शनासाठी बंद ठेवून काढण्यात आले. काढलेल्या शेंदराचे वजन अकराशे किलोंच्या घरात असल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षीच्या नवरात्रात भाविकांना देवीचे मूळ रूप पाहता आले. एका मूर्तीवर किती शेंदूर साचू शकतो, याची कल्पना या आकड्यावरून येते.

आज बाजारात शेंदूर म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत शिसे कधी असते, तर कधी कृत्रिम रंग असतो. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई व नवी दिल्ली येथून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसे आढळले व जवळपास एक तृतीयांश नमुने तेथील सौंदर्यप्रसाधनांच्या मर्यादेपलीकडे होते. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांच्या देवघरांशीही हा निष्कर्ष संबंधित आहे.

शेंदराचे कवच काढणारे पुजारी, सेवेकरी व कारागीर यांनी वर दिलेले सर्व नियम पाळणे आवश्यक आहे. थर ओला ठेवावा, मुखवटा वापरावा, भाविकांना दूर ठेवावे व काढलेले तुकडे प्रसाद म्हणून वाटू नयेत. पुढील चर्चनासाठी चाचणी झालेला, शिसेरहित शेंदूर वापरल्यास परंपरेला बाध येत नाही.

रक्ततपासणी व उपचार

शिसेबाधेचे निदान रक्ततपासणीनेच होते. नियमितपणे जुना रंग काढणाऱ्याने कामाला सुरुवात करण्यापूर्वी एकदा व त्यानंतर ठरावीक काळाने रक्तातील शिसे तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून संपर्क कमी करण्याची किंवा थांबवण्याची कार्यवाही करावी. शिसे बाहेर काढणारी औषधे ठरावीक पातळीच्या वर व रुग्णालयातील देखरेखीखालीच दिली जातात. ती प्रतिबंधक म्हणून घेऊ नयेत. संपर्क सुरू ठेवून औषध घेणे निरर्थक ठरते.

रक्तात लोह व कॅल्शियमची कमतरता असल्यास शिसे अधिक शोषले जाते. म्हणून कामगाराने उपाशीपोटी काम करू नये आणि आहारात पालेभाज्या, डाळी, नाचणी व दूध यांचा समावेश असावा. दूध किंवा गूळ खाल्ल्याने शिशाची बाधा टळते, असा समज काही ठिकाणी आहे. चांगला आहार उपयुक्त असला, तरी तो मुखवटा व ओल्या पद्धतीला पर्याय ठरत नाही.

काम देणाऱ्याची जबाबदारी

रंगकाम करवून घेणारा घरमालक, मंदिराचे विश्वस्त, नौकेचा मालक किंवा कंत्राटदार यांनी खर्चाच्या अंदाजपत्रकातच प्लॅस्टिक, मुखवटे, साबण-पाणी व कचऱ्याची विल्हेवाट यांची तरतूद करावी. ओल्या पद्धतीने काम संथ होते. दिवसावर मजुरी असलेल्या कामगाराला घाई करावयास लावल्यास तो साहजिकच कोरडे खरवडू लागतो. त्यामुळे मुदत ठरवतानाच हा वेळ गृहीत धरणे आवश्यक आहे. अठरा वर्षांखालील मुलांना या कामावर घेऊ नये. नवा रंग निवडताना शिसे ९० भागांच्या मर्यादेत असल्याचा उल्लेख डब्यावर पाहून घ्यावा आणि लोखंडाच्या अस्तरासाठी 'रेड लेड' टाळावे.

दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जगभर शिसेबाधा प्रतिबंध सप्ताह पाळला जातो. याच सुमारास उत्तरेत पुराचे पाणी उतरलेले असते, दिवाळीचे रंगकाम घरोघरी सुरू होते आणि काशीच्या घाटांवर नौका पायऱ्यांवर ओढल्या जातात. पाण्याची एक बादली, जाड प्लॅस्टिकचा कागद, योग्य मुखवटा आणि घरी जाण्यापूर्वी बदललेले कपडे, एवढ्या तयारीने त्या दिवसांतील बराचसा धोका टाळता येतो.